मुलांना जबाबदारी द्यायची कशी: काम, पैसे आणि दुसऱ्याचा विचार

ज्या घरात रोज सकाळी "बूट कुठेत? डबा घेतलास का? बाटली राहिली बघ!" अशी आरडाओरड चालते, त्या घरातल्या आईबाबांसाठी हा लेख आहे. मुलं साधारण तीन ते चौदा वर्षांची धरली आहेत. आमच्याकडे आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. संस्कारांवर बोलणारे पुष्कळ भेटतात, पण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काम सोपवायचं तर ते लक्षात ठेवण्याचं ओझंही त्याच्यासोबत सोपवायचं. "ताट उचल" हे तुम्ही रोज सांगता आणि मूल रोज उचलतं, म्हणजे मूल ऐकणारं आहे, एवढंच. ताटाची काळजी अजून तुमच्याच डोक्यात आहे.

आधी हाताशी काय लागेल

- बुटकं, रुंद पायांचं, न डगमगणारं स्टूल. ओट्यापाशी आणि बेसिनपाशी.
- मुलाच्या खांद्याच्या उंचीवर खुंट्या: दप्तर, टॉवेल आणि पुढेमागे घराची किल्ली.
- आखूड दांड्याचा झाडू आणि हलकी सुपली.
- काट्यांचं घड्याळ आणि साधं गजराचं घड्याळ. मोबाईलचा गजर नको; गजर बंद करायला उचललेला मोबाईल पुन्हा खाली ठेवला जात नाही.
- भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. बांधलेलंच, नाहीतर पहिल्याच दिवशी गायब.
- शंभर पानी वही, हिशेबासाठी.

स्टूल आणि खुंट्यांना हसू नका. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, काढली तेव्हा टेबलखुर्च्यांपासून सगळं मुलांच्या मापाचं ठेवलं होतं. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांमध्ये तोच विचार आपल्याकडच्या साध्या, स्वस्त साधनांनी राबवला. टॉवेल हाताला लागतच नसेल, तर मूल दर वेळी तुम्हालाच हाक मारणार.

## 1. काम खरं निवडा

खेळणी आवरणं, स्वतःचं अंथरूण काढणं हे सुरुवातीला ठीक आहे. पण ते नाही केलं तर कुणाचं अडत नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं. काम असं हवं की ते झालं नाही तर घरात कुणाचं तरी खरंच अडेल.

वयाचा अंदाज साधारण असा. तीन-चार वर्षांच्या मुलाला मटार सोलायला, मोज्यांच्या जोड्या लावायला, सगळ्यांच्या चपला रांगेत ठेवायला द्या. सहा-सातला पिण्याच्या बाटल्या भरणं, जेवणाच्या वेळी ताटं-वाट्या-पाणी मांडणं, तुळशीला आणि कुंड्यांना पाणी घालणं. आठ-नऊला कपड्यांच्या घड्या आणि कचरा. दहा-अकराला कुकर, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सामान. तेरा-चौदाला विजेचं बिल शेवटच्या तारखेच्या आत भरलं गेलंय ना यावर लक्ष ठेवणं, आजीच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं (ही डबी मोठ्यांनी एकदा तपासायचीच).

आठ-नऊ वर्षांसाठी माझं सगळ्यात आवडतं काम दुधाच्या हिशेबाचं. रोज किती पिशव्या आल्या, कधी खाडा झाला, कधी पाहुणे म्हणून एक जास्त घेतली, ते दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहायचं. महिना संपला की बेरीज मुलानं करायची, दूधवाल्या काकांशी हिशेब जुळवायचा आणि पैसे त्यानंच नेऊन द्यायचे. खाडा लिहायचा राहिला तर न आलेल्या दुधाचे पैसे जातात. जाऊ द्या. वीसतीस रुपयांत इतका चांगला धडा दुसरीकडे मिळत नाही. शिवाय भागाकार-गुणाकार होतो, आणि एका मोठ्या माणसाशी नीट व्यवहारानं बोलायची सवय लागते.

एका वेळी एकच काम द्या. उत्साहाच्या भरात रविवारी दहा कामांचा रंगीत तक्ता करून फ्रिजला चिकटवणारे पालक मी पाहिलेत. बुधवारपर्यंत तक्ता उरतो, कामं नाही.

## 2. काम अख्खं द्या

कपड्यांचं काम म्हणजे दोरीवरून काढण्यापासून ज्याच्या त्याच्या कपाटात जाईपर्यंत. कुंड्यांचं काम म्हणजे पाणी, वाळलेली पानं काढणं, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू न देणं, कारण डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. तुकडा-तुकडा दिलेल्या कामात मुलाला फक्त हुकूम दिसतात. अख्खं दिलं की मग ते स्वतःची पद्धत काढतं. आमच्या मुलीनं घड्या घालताना आजीच्या साड्या सगळ्यात शेवटी ठेवायला सुरुवात केली, कारण साडीची घडी घालायला दोन माणसं लागतात आणि तोवर कुणीतरी मोकळं होतं. मला हे सुचलं नसतं.

इथला खड्डा: मुलानं घातलेली घडी त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालणं. तुमच्या दृष्टीनं तो अर्ध्या मिनिटाचा प्रश्न, पण त्याला कळतं की हे काम आपलं नव्हतंच. वाकडी घडी कपाटात राहू द्या. अगदीच चुरगळत असेल तर पुढच्या वेळी शेजारी बसून आपली घालून दाखवा, बोलू नका.

## 3. शिकवायला वेळ काढा: कुकरचं उदाहरण

"तुला एवढं येत नाही?" हे वाक्य बहुतेकदा अशा कामाबद्दल निघतं जे आपण कधी शिकवलेलंच नसतं. वरणभाताचा कुकर घ्या. आपण तो डोळे मिटून लावतो, पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात दहा बारीकसारीक गोष्टी आहेत.

तांदूळ वाटीनं मोजायचे, दोनतीन पाण्यांनी धुवायचे, वाटीला दोन वाट्या पाणी घालायचं (नवा-जुना तांदूळ पाहून थोडं कमीजास्त). डाळीत हळद, हिंग, तेलाचा थेंब. भांडी ठेवण्याआधी कुकरच्या तळाशी पाणी. नवशिके हमखास विसरतात ते हेच. झाकणाची रिंग नीट बसली का पाहायचं. शिट्टी काढून झाकणाच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का पाहायचं. भाताचं शीत अडकलेलं असेल तर वाफ कोंडते. शिट्ट्या मोजायच्या, गॅस बंद करायचा, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. कितीही भूक लागलेली असो, कुणीही ओरडत असो.

पहिल्यांदा मुलानं फक्त बघायचं आणि तुम्ही करता करता मोठ्यानं सांगायचं. मग त्यानं करायचं, तुम्ही शेजारी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. नंतर तुम्ही बाहेरच्या खोलीत, कान स्वयंपाकघरात. तळाचं पाणी, नळी आणि वाफ या तीन गोष्टी त्यानं न विचारता सांगितल्या की कुकर त्याचा. घाईच्या वारी शिकवू नका. रविवार संध्याकाळ बरी.

पहिला भात गिचका होईल. निमूट खा. "वा वा, हॉटेलसारखा!" असलं खोटं कौतुकही नको, मुलांना ते कळतं. "पाणी थोडं जास्त झालं, पण वरण छान शिजलंय" हे पुरे.

## 4. विसरू द्या, पण हद्द ठरवून

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि ती मुलांपेक्षा आपल्याला जड जाते.

वही घरी राहिली. शाळेच्या फाटकाशी स्कूटर घेऊन धावत जायचं नाही. गृहपाठ काय दिलाय ते मुलाला आठवत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर "कुणी प्लीज गणिताच्या पानाचा फोटो टाकता का?" असं विचारायचं नाही. रात्री साडेनऊला त्या गटांवर जे चालतं ते पाहिलं तर दुसरीत मुलं नसून आयाच बसल्यात असं वाटावं. मुलानं मित्राला फोन करून विचारावं. नंबर वहीच्या पहिल्या पानावर त्यानंच लिहून ठेवावेत.

वर्गशिक्षिकांना आधी भेटून सांगून ठेवा: "दप्तर भरायची जबाबदारी आम्ही त्याच्याकडे दिलीय, महिनाभर काही राहील, तर त्यालाच विचारा." बहुतेक बाईंना हे ऐकून बरंच वाटतं.

हद्द मात्र आधीच पक्की ठेवा. जिवाला धोका असेल, तब्येतीचा प्रश्न असेल किंवा दुसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल, तर तिथं धडा-बिडा बाजूला ठेवून धावायचं. दम्याचा पंप राहिला तर नेऊन द्यायचाच. पाचजणांच्या प्रकल्पाचा तक्ता घरी राहिला तरी नेऊन द्यायचा, कारण बाकी चौघांनी काय घोडं मारलंय? डब्याचं काय? बारा वर्षांचं धडधाकट मूल एक दिवस मित्राच्या डब्यातलं खाऊन राहतं. सहा वर्षांचं नाही. त्याचा डबा नेऊन द्या.

आणि मूल घरी आल्यावर "बघ, मी सांगत नव्हते?" हे गिळून टाका. जे झालं ते त्यानं भोगलेलं असतं. वर आपलं भाषण झालं की त्याचा राग स्वतःच्या विसराळूपणावर न राहता आपल्यावर येतो, आणि सगळी मेहनत पाण्यात. "उद्या राहू नये म्हणून काय करशील?" एवढंच विचारा.

## 5. घरातल्या मोठ्यांशी आधी बोला

मुलाला काम दिलं की आजी हळूच उठून ते करून टाकते. "लहान आहे गं, आयुष्यभर करायचंच आहे." यावर वाद घालून काही होत नाही. त्यापेक्षा आजीला गुरू करा. नारळ खवणं, वाती वळणं, भाजी निवडणं, लाडू वळणं या गोष्टी तिच्याकडूनच शिकायच्या असं ठरवलं की ती मुलाच्या हातून काम ओढून घेत नाही, उलट "अशी नाही, अशी" म्हणत दोनदा करून घेते.

दुसरा प्रश्न जास्त चिवट. जेवणं झाली की बहिणीनं ताटं उचलायची आणि भावानं टीव्हीपुढे बसायचं, ही सवय शिकल्यासवरल्या घरांतही दिसते. कामं दर दोन-तीन महिन्यांनी आलटून पालटून द्या, म्हणजे झाडू मुलीचा आणि बँक मुलाची असं ठरून जात नाही. आणि बाबा स्वतःचं ताट जागेवर सोडून उठत असतील, तर हा लेख इथंच बंद करून आधी त्यांच्याशी बोला.

## 6. पैसे

घरच्या कामाचे पैसे देऊ नका. ताट उचलायचे पाच रुपये लावले की लवकरच "मला आज पाच रुपये नकोत" असं उत्तर येतं आणि तुमच्याकडे त्यावर काही उरत नाही. खाऊचे पैसे वेगळे द्या, ठरलेल्या वारी, ठरलेली रक्कम, कामाशी न जोडता. संपले तर पुढच्या वारापर्यंत थांबायचं. उधारी नाही. वहीत लिहायचं: आले किती, गेले किती, उरले किती.

दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेत न्या. रिझर्व्ह बँकेच्या 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवता येतं; रकमेची मर्यादा आणि अटी प्रत्येक बँक ठरवते. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाच्या नावानं बचत खातं निघतं, किमान 500 रुपयांत. त्याहून लहान असेल तर पालकाच्या सहीनं.

साधारण लागणारी कागदपत्रं:

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड
- मुलाचे पासपोर्ट मापाचे फोटो
- आई किंवा बाबांचं आधार आणि पॅन
- मुलाचं पॅन नसेल तर त्याऐवजी बँक देईल तो फॉर्म

शाखेगणिक एखादा कागद कमीजास्त मागतात, म्हणून आधी विचारून घ्या. फेऱ्या दोन कारणांनी वाढतात. एक, जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे, कुठे नाही. दोन, पाच वर्षांनंतर करायचं आधारचं बायोमेट्रिक अपडेट राहून गेलेलं असतं. आणखी एक गंमत म्हणजे सही. मूल पहिली सही फार झोकात करतं आणि दुसऱ्यांदा तशी येतच नाही. घरी आठवडाभर गिरवून घ्या.

पैसे भरण्याची स्लिप मुलानंच भरायची. खिडकीवरचे काका घाई करतील, मागची रांग चुळबुळ करेल, तुमचा हात पेनाकडे जाईल. जाऊ देऊ नका. म्हणूनच दुपारी, गर्दी नसताना जा.

## 7. दुसऱ्याचा विचार

याचे धडे देता येत नाहीत. सोय करता येते. आपल्या कामाचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते मुलाला दिसलं की बरंच काम होतं.

कचऱ्यापासून सुरू करा. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा देणं बंधनकारक केलं, पण मुलाला नियम सांगून काही होत नाही. त्याला घंटागाडीपर्यंत बादली घेऊन जाऊ द्या. गाडीवरचे दादा हातानं पिशव्या फोडून वेगळं करतात ते त्यानं एकदा पाहिलं की फुटलेल्या काचेचा तुकडा नुसता टाकणार नाही. काच वर्तमानपत्राच्या जाड घड्यांमध्ये गुंडाळून वर ठळक "काच" लिहायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा; पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली आहे. मुलग्यांनाही हे सांगा, आडपडदा न ठेवता.

बाकीच्या छोट्या सवयी अशा:

- कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमन काकांना नावानं किंवा नात्यानं हाक. "ए" नाही. आपण फोनवर त्यांच्याबद्दल कसं बोलतो तेही मुलं ऐकत असतात.
- दुपारी दोन ते चार सोसायटीत चेंडू आपटायचा नाही, कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं.
- शेजारून आलेली वाटी रिकामी परत जात नाही. त्यात काय घालायचं ते मुलानं ठरवायचं, नेऊनही त्यानंच द्यायची. चार बेदाणे घातले तरी चालतील.
- एसटीत किंवा बसमध्ये जागा द्यायची, आणि दिल्यावर आपल्याकडे कौतुकानं बघत राहायचं नाही.

इथला खड्डा: "सॉरी म्हण! आधी सॉरी म्हण!" दंड धरून म्हणायला लावलेलं सॉरी ऐकून समोरचं मूलही हसतं. त्याऐवजी भरपाई करायला लावा. मित्राचं पुस्तक फाटलं? चिकटपट्टी लावून द्यायचं, नाही जमलं तर खाऊच्या पैशांतून नवं. बहिणीचा किल्ला पाडला? तिला हवं तेवढा वेळ माती कालवून द्यायची. सॉरी त्यातून येतं, कधी दुसऱ्या दिवशी येतं.

दुसऱ्याचा विचार करणारं मूल म्हणजे कुणालाही नाही न म्हणणारं मूल, असा घोळ करू नका. आलेल्या काकांच्या मांडीवर बसायचं नसेल, पापा द्यायचा नसेल, तर लांबून नमस्कार पुरेसा आहे. तिथं पाहुण्यांची बाजू घेऊ नका.

## 8. मोबाईल आणि गाडी

मोबाईलवर फार लिहीत नाही, घरोघरी वेगळं असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मोठ्या मुलांसाठी आमचा एकच नियम आहे: जेवताना आणि झोपायच्या खोलीत कुणाचाच मोबाईल नाही, आईबाबांचाही नाही. नियमाचा दुसरा अर्धा भाग पाळला तरच पहिला टिकतो.

गाडीच्या बाबतीत मात्र घासाघीस करू नका. "क्लासपर्यंतच तर जायचंय" म्हणून नववीतल्या मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली देणं ही जबाबदारी देणं नव्हे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स निघतं हे खरं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या दारात उभी असते ती स्कूटर 110 किंवा 125 सीसीची. तिला अठराच. तोवर सायकल द्या, आणि पंक्चर काढायला ती त्याची त्यालाच नेऊ द्या.

## 9. घडी विस्कटली तर

विस्कटणारच. मे महिन्यात मामाकडे जाऊन आल्यावर, तापातून उठल्यावर, घरात लग्न निघाल्यावर सगळं ढेपाळतं. पुन्हा सुरू करताना जिथं थांबलं होतं तिथून करू नका. एक पायरी खाली उतरा, सोपं काम द्या, आठवड्यानं जुनं परत द्या. आणि मूल "मला हे काम नको, दुसरं दे" म्हणालं तर ऐका. कचऱ्याला कंटाळलेली मुलगी भाजी आणायला आनंदानं जाते.

दहावीच्या वर्षी बहुतेक घरांत सगळी कामं माफ होतात आणि मूल वर्षभर टेबलाशी पाहुण्यासारखं राहतं. तसं करू नका, एक काम ठेवा. मी कुकर ठेवायचा म्हणते. पुस्तकातून मान वर काढून वीसेक मिनिटं हात हलतात, आणि आपण ऑफिसातून येईपर्यंत भात झालेला असतो.